कार्डावरचा बारीक आकडा

लोणी काळभोरच्या आकाशात सध्या तीन प्रकारची वाहतूक चालते. पहिली लोहगावच्या सुखोई विमानांची. आवाज येईपर्यंत ती निघून गेलेली असतात आणि आपण मान वर करून रिकामं आकाश बघत राहतो. दुसरी पाखरांची. थंडी पडली की कवडीपाटच्या पाण्यावर कुठून कुठून बदकं उतरतात. मुळा-मुठेच्या त्या फेसाळ पाण्यात त्यांना काय गोड लागतं देव जाणे, पण येतात. तिसरी वाहतूक तुळशीचं लग्न लागल्यावर सुरू होते, ती लग्नाच्या ड्रोनची.

हडपसर सोडून सोलापूर रस्त्याला लागलं की पार उरुळी कांचनपर्यंत मंगल कार्यालयं आणि लॉन्स यांची रांग आहे. दाट तिथीच्या संध्याकाळी प्रत्येक लॉनच्या डोक्यावर एकेक ड्रोन घोंघावत असतो. फोटोवाला जमिनीवर होता तोवर पाहुणे निदान त्याच्याकडे बघून हसायचे. ड्रोन वर गेला की अख्खा मांडव तोंड वर करतो. पुढे व्हिडिओ बघावा तर नवरा-नवरी एकमेकांना हार घालतायत आणि भोवतीची चार-पाचशे माणसं आ वासून देवाकडे काहीतरी मागतायत, असं दिसतं. अंतरपाट धरणारे भटजीसुद्धा सुटत नाहीत. 'सावधान' म्हणताना त्यांची नजरही वरच असते.

ह्या तिसऱ्या वाहतुकीत माझ्या धाकट्या भाच्याचा हातभार आहे. त्याच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या दाजींचा, पूर्वी फोटो स्टुडिओ होता. छत्तीस फोटोंच्या दोन रोलांत दाजी अख्खं लग्न बसवायचे आणि त्यातलेही तीन-चार फोटो पुढच्या लग्नासाठी वाचवायचे. आता मुलगा एका लग्नात किती फोटो काढतो हे विचारायचं दाजींनी सोडून दिलंय. रक्तदाब आहे त्यांना.

तर गेल्या सराईत एका लग्नात नवरदेव सजवलेल्या बैलगाडीतून यायचा होता. पुढे हलगी, मागे करवल्या, बाजूला तोडणीला आलेला ऊस, वर भाच्याचा ड्रोन. गाडी कमानीपाशी आली आणि रिमोटच्या पडद्यावर सूचना झळकली की कार्ड सावकाश चालतंय. पाठोपाठ रेकॉर्डिंग बंद. ड्रोन वर तसाच घोंघावत होता, नवरदेव तसाच मिरवत होता, फक्त त्याची नोंद कुठेच होत नव्हती. सरकारी कामाचा अनुभव असलेल्या माणसाला यात नवल वाटलं नसतं, पण नवरदेवाच्या चुलत्याला वाटलं. त्यांनी भाच्याला बैल परत फाट्यापासून आणायची तयारी दाखवली. बैलांनी दाखवली नाही.

"कार्ड कुठलं होतं रे?" मी रात्री विचारलं.

"आईच्या जुन्या मोबाइलमधलं, मामा. चांगलं चालतंय की इतकी वर्षं."

त्यावर दाजी एवढंच म्हणाले, "लाखाचा ड्रोन आणि आईच्या मोबाइलचं कार्ड. वळण मामाकडचंय." मी गणिताचा निवृत्त शिक्षक. हा टोमणा कुणाच्या काटकसरीला आहे हे मला हिशेब न मांडता कळलं. त्यामुळे नवं कार्ड घ्यायला भाच्याबरोबर बुधवार पेठेतल्या टापकीर गल्लीत जाणं मला भागच होतं.

टापकीर गल्ली ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून समजणार नाही. वायर, दिवे, पंखे, स्पीकर आणि ज्यांची नावं फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक अशा हजार वस्तू तिथे एकमेकींच्या अंगावर बसलेल्या असतात. आम्ही ज्या दुकानात शिरलो तिथल्या मुलाने काउंटरवर कार्डांची पाकिटं पत्त्यांसारखी पसरली. प्रत्येक पाकीट तळहाताएवढं आणि आत कार्ड करंगळीच्या नखाएवढं. पंधरा मिलिमीटर लांब, अकरा रुंद, एक जाड, वजन सुमारे पाव ग्रॅम. एवढ्याशा तुकड्यावर लिहिलेलं मात्र किती! कंपनीचं नाव, क्षमता, एका 'सी'च्या पोटात १०, एका 'यू'च्या पोटात ३, शेजारी 'व्ही ३०', त्याच्या शेजारी 'ए २', एक रोमन एक. मी चष्मा काढून, पुसून, परत घालून वाचत होतो. पाकिटावर मात्र एकच आकडा लांबून दिसेल असा ठसठशीत होता, '२०० एमबी प्रति सेकंद'. त्याच्या डोक्यावर एक चांदणी, आणि चांदणीचा खुलासा पाकिटाच्या मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात.

"काका, दोनशेचं घ्या. सगळ्यात फास्ट," मुलगा म्हणाला.

आयुष्यभर मुलांना शिकवलं की मोठा आकडा दिसला की आधी त्याचं एकक बघावं. त्या सवयीने मी विचारलं, "हा वेग वाचायचा की लिहायचा?"

मुलाने भाच्याकडे पाहिलं. भाच्याने छताकडे पाहिलं. ड्रोनवाल्यांची ती सवयच असते.

गोष्ट अशी आहे की कार्डावरून वाचणं सोपं आणि कार्डावर लिहिणं अवघड. माणसाचंही तेच आहे. मी पेपर पंधरा मिनिटांत संपवतो, पण मुंजीच्या आहेराबद्दल आभाराचं पत्र लिहायला मला आठवडा लागतो. कार्डाच्या आत जी फ्लॅश मेमरी असते तिचा शोध १९८० च्या दशकात जपानमध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी लावला. तिचा स्वभाव विचित्र आहे. लिहिलेल्या जागी परत लिहायचं तर नुसतं वरून खोडून चालत नाही. ती जागा ज्या मोठ्या खणात असेल तो अख्खा खण आधी पुसून काढावा लागतो. खणात कामाचं काही उरलेलं असेल तर ते आधी दुसरीकडे हलवायचं, मग पुसायचं, मग लिहायचं. कार्ड भरत आलेलं असलं की हलवाहलव वाढते आणि लिहिण्याचा वेग मध्येच दबकतो. वाचताना यातलं काहीच करावं लागत नाही. म्हणून कंपन्या पाकिटावर वाचण्याचा वेग मोठ्या अक्षरात छापतात. त्यांचं खोटं नसतं. त्यांनी फक्त आपल्याला न विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलेलं असतं.

त्यातही गंमत बघा. ज्या कार्डांवर रोमन एक असतो त्यांच्या जोडणीची प्रमाणित कमाल मर्यादाच १०४ मेगाबाइट प्रति सेकंद आहे. मग दोनशे आले कुठून? तर काही कंपन्या स्वतःची वेगळी युक्ती वापरतात, आणि ती युक्ती ओळखणारा खास कार्ड रीडर असला तरच तो वेग मिळतो. ड्रोनच्या खाचेला ही युक्ती ठाऊक नसते, आपल्या लॅपटॉपलाही बहुधा नसते. म्हणजे पाकिटावरचा सगळ्यात मोठा आकडा हा आपल्याकडे नसलेल्या यंत्राने, आपल्याला नको असलेलं काम केलं तर मिळणारा वेग आहे. मला हे कळलं तेव्हा रागापेक्षा कौतुकच जास्त वाटलं.

मग लिहिण्याचं काय? ते त्या बारीक चिन्हांत असतं. 'सी'च्या पोटातला १० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान १० मेगाबाइट. 'यू'च्या पोटात १ असेल तर तेही किमान १०, आणि ३ असेल तर किमान ३०. 'व्ही'ची चिन्हं २०१६ मध्ये खास व्हिडिओसाठी आली. तिथे आडपडदाच नाही, व्हीपुढे जो आकडा तोच किमान वेग. ६, १०, ३०, ६०, ९०. हे नियम ठरवणारी एसडी असोसिएशन ही संस्था २००० साली पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून काढली. त्यांचा मी ऋणी आहे, कारण जाहिरातीच्या जगात 'जास्तीत जास्त किती' सांगणारे पैशाला पासरी असताना 'कमीत कमी किती' हे लिहून देणारी ही मंडळी निघाली.

किमान वेगाचं महत्त्व आमच्या भागातल्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. खडकवासल्याहून निघालेला नवा मुठा उजवा कालवा आमच्या शिवारातून पुढे दौंड, इंदापूरकडे जातो, लांबी दोनशे किलोमीटरच्या घरात. आवर्तन सुटलं की धरणातून किती क्युसेकने पाणी सोडलं ते पेपरात छापून येतं. मुखापाशी तो आकडा खराच असतो. पण टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी त्या आकड्यावर ऊस लावत नाही. आपल्या चारीला सगळ्यात वाईट दिवशी किती पाणी पोचतं, यावर तो पीक ठरवतो. ड्रोन हा टेलचा शेतकरी आहे. सेकंदाला दोनशे कधी मिळतात यात त्याला रस नसतो. एक सेकंदभर जरी पाणी कमी पडलं तरी त्याचं पीक जळतं, म्हणजे रेकॉर्डिंग थांबतं.

आता ड्रोनला लागतं किती ते बघू. इथे माझ्या विषयाचा तास सुरू होतो, कंटाळा येईल त्याने पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. शाळेत माझ्या तासाला मुलं हेच करायची.

फोर-के व्हिडिओच्या एका चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात. सेकंदाला अशी तीस चित्रं. हे सगळं जसंच्या तसं लिहायचं म्हटलं तर सेकंदाला सुमारे तीन हजार मेगाबिट होतील. ड्रोनमधली चिप त्यातलं सारखं सारखं येणारं गाळते आणि माल तिसाव्या हिश्शावर आणते. भाच्याच्या वर्गातल्या छोट्या ड्रोनांचं बघितलं तर डीजेआय कंपनीच्या मिनी २ ला सेकंदाला जास्तीत जास्त १०० मेगाबिट लागतात, मिनी ४ प्रो ला १५०, आणि मोठ्या मॅविक ३ ला २००. हे मेगाबिट झाले. कार्डावरचे आकडे मेगाबाइटमध्ये असतात, आणि आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा आठाने भागायचं. १०० चे साडेबारा, १५० चे पावणेएकोणीस, २०० चे पंचवीस. एवढंच गणित. ड्रोनच्या पुस्तकात मेगाबिट आणि कार्डाच्या पाकिटावर मेगाबाइट लिहिण्याची कल्पना ज्याची कुणाची असेल, तो शाळेत माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा राहिला असता.

आता उत्तर उघडच आहे. भाच्याच्या आईच्या मोबाइलमधलं कार्ड होतं 'सी १०'. त्याची हमी दहाची आणि ड्रोनची मागणी साडेबाराची. जोवर समोर मोकळं आकाश, खाली सपाट रान, एकरंगी मांडव होता, तोवर चिपकडे लिहिण्यासारखं थोडं होतं आणि कार्ड रेटून नेत होतं. नवरदेवाची गाडी उसाच्या कडेने आली आणि वाऱ्यावर डोलणारं उसाचं पान न् पान वेगळं लिहावं लागलं. त्यात करवल्यांच्या पैठण्यांचे काठ. कार्डाने हात टेकले. मी भाच्याला म्हटलं, तुझ्या रेकॉर्डिंगला उसाने खाल्लं. दाजी म्हणाले, या भागात हे नवीन नाही.

मोठ्या ड्रोनांचीही मागणी पंचवीसपर्यंतच आणि 'व्ही ३०' ची हमी तीसची. तेव्हा तेच पुरेसं होतं. दुकानातल्या मुलाने ६० आणि ९० चं नाव काढून बघितलं. ती कार्डं दुप्पट-तिप्पट महाग असतात, त्यांच्या पाठीवर सोनेरी टिकल्यांची एक जादा ओळ असते आणि तिच्यातूनच तो जादा वेग धावतो. ज्या ड्रोनच्या खाचेत त्या ओळीला जोडणीच नाही त्यात ती घालणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. 'ए २' हे चिन्हही असंच. मोबाइलमधली अॅप्स कार्डावरून चालवायची असतील तर त्याचा उपयोग, ड्रोनला त्याचं सोयरसुतक नाही.

क्षमतेचाही हिशेब करून टाकू. १५० मेगाबिटच्या हिशेबाने मिनिटाला सव्वा गिगाबाइटहून थोडं कमी. मिनी ४ प्रो ची बॅटरी कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ३४ मिनिटं चालते, सोलापूर रस्त्याच्या वाऱ्यात पंचवीस धरा. म्हणजे एका बॅटरीला २८ गिगाबाइट. ६४ च्या कार्डात दोन बॅटऱ्या, १२८ च्या कार्डात चार. त्यापुढचं कार्ड घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सगळं लग्न एकाच पाव ग्रॅमवर ठेवणं हे धाडस आहे, आणि ते तुकडा हरवला की कळतं. तो हरवायला फार काही लागत नाही, एक शिंकही पुरते.

ह्या हिशेबापाशी मी अडकलो, आणि त्याचं कारण आमच्या गावातच आहे. मुळा-मुठेच्या काठी राज कपूर यांची राजबाग होती. १९७८ साली आलेल्या 'सत्यम शिवम सुंदरम'चं चित्रीकरण तिथे झालं. गावातले म्हातारे अजून सांगतात. प्रत्येकाने झीनत अमानला अगदी जवळून पाहिलेलं असतं. सगळ्यांची अंतरं जमेला धरली तर चित्रीकरणाला जागाच उरत नव्हती असं निघतं. तेव्हा चित्रपट पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर घ्यायचे. एका फुटात सोळा चित्रं, सेकंदाला चोवीस, म्हणजे सेकंदाला दीड फूट आणि मिनिटाला नव्वद फूट फिल्म कॅमेऱ्यातून पळायची. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं. ते बदलेपर्यंत राज कपूरसुद्धा थांबत असणार. १२८ च्या कार्डात मावतं तेवढं चित्रण त्या फिल्मवर घ्यायचं म्हटलं तर दहा हजार फूट लागले असते, तीन किलोमीटरहून जास्त. एवढी फिल्म डब्यांत भरून वाहायला टेम्पो लागला असता. भाच्याने ती शर्टाच्या खिशात टाकली आणि वर रुमाल कोंबला.

पण त्या फिल्मच्या फुटाफुटाला पैसे पडायचे आणि म्हणून तिच्यापुढे काय येऊ द्यायचं याचा विचार आधी व्हायचा. आज त्याच राजबागेत एमआयटीचं विद्यापीठ आहे, १६० फूट व्यासाचा तो प्रचंड घुमट आहे, राज कपूरांचं स्मारक आहे, आणि चित्रपट शिकवणारी शाळाही आहे. तिथली मुलं कधी चहाच्या टपरीवर भेटतात. खांद्याला लाखाचा कॅमेरा आणि बोलणं सगळं कार्ड भरल्याचं. भाच्याचंही तेच. लग्नातलं दीड तासाचं चित्रण तो घरी आणतो आणि त्यातून तीन मिनिटांचा व्हिडिओ काढायला आठ दिवस बसतो. उरलेल्यात निम्मं ट्रॅफिक असतं आणि निम्म्यात आचारी आभाळाकडे बघत असतो. कार्ड मोठं झालं की माणूस बघायचं नंतरवर टाकतो, असा माझा संशय आहे. दाजींचा संशय नाही, खात्रीच आहे.

वरून बघण्याचं वेड मात्र खोटं नाही. उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून टिपलेल्या गडकिल्ल्यांचं 'महाराष्ट्र देशा' हे पुस्तक २०१० मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी वारीचं 'पाहावा विठ्ठल'. तेव्हा आपल्या ओळखीचा मुलूख वरून कसा दिसतो याचं घराघरांत अप्रूप वाटलं होतं. आमच्या गावातून तुकोबांची पालखी जाते. पुण्यानंतरचा तिचा मुक्काम लोणी काळभोरला आणि पुढचा यवतला. लहानपणी आम्ही ती बघायला झाडावर चढायचो. वरून वारी बघायची तर चिंच किंवा हेलिकॉप्टर, मधलं काहीच नव्हतं. ते मधलं आता भाच्याच्या बॅगेत आहे.

बॅगेत आहे म्हणून ते कुठेही काढावं असं नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनी नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे पाडले. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत मोकळीक, लाल पट्ट्यात केंद्राच्या परवानगीशिवाय नाही. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही. भाचा हे एक वाक्य नियमावलीच्या आधी शिकला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. तरीही दर लॉनवर परदेशी ड्रोन दिसतो तो कसा, हे लग्नात विचारायचं नसतं. जेवून यायचं. आमच्या लोणी स्टेशनजवळ पेट्रोल-डिझेलचे मोठे डेपो आहेत, त्यांच्या दिशेने ड्रोनचं तोंडही करू नये. कवडीपाटच्या पाखरांवर तो नेणाऱ्याला तर मी पाखरांच्या वतीने ओरडतो. पालखीच्या वेळी पोलिसांचा मनाई आदेश असला तर ड्रोन बॅगेतच राहावा, वारकऱ्यांना तो नसला तरी चालतो. आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या गावांवर रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या आल्या तेव्हा लोक काठ्या घेऊन जागरणं करत होते. त्या दिवसांत भाचा बॅगेवर 'लग्नाचे सामान' अशी चिठ्ठी लावून हिंडे. आईने लिहून दिली होती.

टापकीर गल्लीत परत येतो. आम्ही 'व्ही ३०' मागितल्यावर शेजारच्या टपरीवरचा एक जण जवळ आला आणि हळूच म्हणाला, "एक टीबी, पाचशे रुपये." हे प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. अशा नकली कार्डाच्या आत खरी जागा असते आठ-सोळा गिगाबाइट. पण त्यातला नियंत्रक असा पढवलेला असतो की विचाराल तेव्हा तो 'एक हजार' म्हणून सांगतो. कॉम्प्युटर त्याच्यावर विश्वास ठेवतो. तुम्ही लिहीत जाता, तोही घेत जातो, तक्रार करत नाही. खरी जागा संपली की तो पुढचं जुन्यावरच लिहितो किंवा सरळ सोडून देतो. फायलींची नावं सगळी दिसतात, उघडायला गेलं की आत काही नाही. यावर उपाय आहे. एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्यायचं. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि मग लिहिलेलं सगळं परत वाचून ताळा बघतं. रात्रभर लागते कधी कधी. पण त्यातून लिहिण्याचा खरा वेगही कळतो आणि विकणाऱ्याची खरी नियतही. मला हे सॉफ्टवेअर फार आवडलं. ताळा करून बघा असं मी जन्मभर सांगत आलो, पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं.

नवं कार्ड भाच्याने आधी बैलगाडा शर्यतीत वापरलं. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये ती कायम केली, तेव्हापासून जिल्ह्यातल्या यात्रांना परत घाट भरतात आणि घाटावर ड्रोन असतोच. शर्यतीची एक बारी मोजून काही सेकंदांची. निवेदक 'झाली, झाली' म्हणतो, 'भिर्रर्र' होतं आणि धुरळा उरतो. लग्नात वरमाला परत घालून घेता येते, क्वचित अक्षताही परत पडतात. बारी परत होत नाही. तिथे कार्ड दबकलं तर गाडामालक ज्या शब्दांत समाचार घेतो ते शब्द निबंधात बसत नाहीत.

कार्ड दबकलं नाही. धोका आला तो दुसरीकडून. बारी संपली आणि 'दाखव की, दाखव की' करत पन्नास माणसं भाच्याभोवती. अशा वेळी ड्रोन खाली टेकताच कुणीतरी कार्ड उपसतो किंवा बॅटरी ओढतो. व्हिडिओची फाइल बंद होताना शेवटी तिची अनुक्रमणिका लिहिली जाते, कुठलं चित्र कुठे ठेवलंय ती. ती लिहायच्या आत वीज गेली की चित्रण कार्डावर असतं, पण खेळवणाऱ्याला ते सापडत नाही. म्हणून रेकॉर्डिंगचं बटण दाबून थांबवायचं, दोन श्वास सोडायचे, ड्रोन बंद करायचा, मगच कार्डाला हात. चुकून झालंच तर कार्ड तसंच परत घालून ड्रोन चालू करायचा. बऱ्याचदा तो स्वतःच फाइल सांधून देतो. घाईत तिथल्या तिथे फॉरमॅट मात्र करायचं नाही. फॉरमॅट करायचं ते काम सुरू करण्याआधी, ड्रोनमध्येच, आणि जुनं सगळं दोन ठिकाणी उतरवून घेतल्याची खात्री करून. कार्ड हे सामान वाहून आणण्यासाठी असतं, साठवायला नव्हे.

दाजींनी शर्यतीचा व्हिडिओ पाहिला. फार वेळ बघितला. मग विचारलं, "पहिला कुठला बैल?" भाच्याने थांबवून, मोठं करून दाखवलं. उसाच्या पानापानासारखा बैलाचा केस न् केस दिसत होता. दाजी म्हणाले, "माझ्या छत्तीसमध्ये हा आला नसता." आमच्या घराण्यात ही परमावधीची स्तुती समजतात.

तेव्हा ज्यांना ड्रोनसाठी कार्ड घ्यायचंय त्यांनी पाकिटावरचा मोठा आकडा खुशाल विसरावा. ड्रोनच्या पुस्तकात कमाल बिटरेट बघावा, त्याला आठाने भागावं, आणि येईल त्याहून मोठा आकडा कार्डावरच्या 'व्ही'पुढे आहे ना, एवढं तपासावं. शंभर ते दोनशे मेगाबिटच्या ड्रोनला 'व्ही ३०' पुरतं. २५६ चं एक घेण्याऐवजी ६४ ची दोन घ्या किंवा १२८ ची दोन. ओळखीच्या दुकानातून घ्या, पक्की पावती मागा, आणि पहिल्या लग्नाआधी घरी एकदा काठोकाठ भरून बघा.